नातेवाईक : एक

४ मार्च, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस. नोकरी म्हणजे सहा महिन्यांचा करार, पण सकाळी डब्याचं झाकण नीट लागलंय का ते तीनदा पाहिलं हे खरं. एकतीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांचं वर्गीकरण केलं, तिथे असं कधी झालं नव्हतं.

वृद्धांचा निवास आहे. दोन इमारती, पूर्वेची आणि पश्चिमेची, मधे अंगण. मला तळमजल्यावरच्या जुन्या धुलाईखोलीत टेबल दिलंय. भिंतीत नळ तसेच आहेत, साबणाचा वासही. दुसऱ्या टेबलावर संगणकाचं काम बघणारी बाई बसते. चाळिशीची असेल. दोन चष्मे: एक नाकावर, एक केसांत. मी मनात तिचं नाव चष्मेवाली ठेवलं.

काम असं. दोनशे चौदा निवासींची माहिती कागदी फायलींत आहे. ती संगणकात जाईलच, पण संगणकाला तिचा अर्थही कळला पाहिजे. निवासी म्हणजे कोण, परिचारिका म्हणजे कोण, कोणाचा कोणाशी काय संबंध, हे सगळं नियमांच्या भाषेत लिहायचं. मग त्या नियमांवरून यंत्र आपले आपण निष्कर्ष काढतं. याला संकल्पनाकोश म्हणतात. ग्रंथालय बंद झाल्यावर मी याचा वर्षभराचा अभ्यासक्रम केला. वर्गात सगळ्यात म्हातारा मीच, शिक्षकसुद्धा मला 'सर' म्हणायचे.

भरतीच्या अर्जात 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे' असा रकाना होता. मुलगी विमानाने सात तासांवर. तिला तातडीने कळवून काय होणार? रिकामा सोडला.

७ मार्च, गुरुवार

मेट्रन भेटल्या. मोठा आवाज, त्याहून मोठा किल्ल्यांचा जुडगा. म्हणाल्या, "फायलींवरून नियम लिहिणार? आधी एकदा वॉर्डातून फिरून या. उंटावरून शेळ्या हाकू नका."

मी म्हणालो, फिरून येईन. गेलो नाही. अनोळखी म्हाताऱ्या माणसांच्या खोल्यांत जाऊन काय बोलायचं?

चष्मेवाली डबा खायला वरच्या गच्चीत जाते. मला विचारलं, येता का म्हणून. नव्या माणसाला विचारावं लागतंच. मी टेबलावरच खाल्लं.

१९ मार्च, मंगळवार

आज वाद झाला. वाद म्हणजे माझ्या मते नाही, पण तिचा आवाज थोडा चढला होता.

प्रत्येक निवासीच्या फायलीत 'संपर्कव्यक्ती' असते. मी चाळीस फायली वाचल्या. चाळीसही ठिकाणी मुलगा, मुलगी, सून, भाचा, नाहीतर पुतणी. तेव्हा मी सरळ सार्वत्रिक नियम लिहिला: कोणाचीही संपर्कव्यक्ती ही नातेवाईक असते. एकदा सगळ्यात वर लिहून टाकलं की खाली कुठे लिहायला नको.

चष्मेवालीने वाचून दोन्ही चष्मे काढले. "या चाळीस फायली कुठल्या कपाटातल्या?"

"पहिल्या."

"म्हणजे पूर्वेच्या इमारतीतल्या. तिथे घरच्यांची सही असल्याशिवाय प्रवेशच देत नाहीत. मग हे बंधन तेवढ्यांपुरतं लावा. 'पूर्वेचा निवासी असेल तर त्याची संपर्कव्यक्ती नातेवाईकच असते.' सगळ्यांवर कशाला?"

"आणि पश्चिमेसाठी वेगळं लिहू? मग वॉर्डासाठी वेगळं, खोलीसाठी वेगळं? याला अंत आहे का? मी एकतीस वर्षं पुस्तकं लावली. वर्ग जितका वर, तितकी शिस्त."

"पुस्तकं उलटून बोलत नाहीत हो. आणि समजा, कोणी चुकीचा माणूस लिहिला गेला तर?"

"तर यंत्र चूक दाखवेल. नियम त्यासाठीच असतो."

ती म्हणाली, "दाखवणार नाही. तुम्हाला माहीत आहे, दाखवणार नाही."

मला माहीत होतं का? अभ्यासक्रमात होतं ते. पण चाळीसपैकी चाळीस. आणि बाईमाणसाने— नाही, हे खोडतो. बाईमाणसाचा प्रश्न नाही. कोणीही सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. नियम तसाच ठेवला. कामाच्या कागदावर माझं नाव वर आहे, तिचं खाली.

२ एप्रिल, मंगळवार

संगणकाची नवी व्यवस्था सुरू झाली. काल सुरू करायची होती. संचालक म्हणाले, एक एप्रिलला नको, लोक हसतील.

यंत्राने पहिल्याच दिवशी हजारावर निष्कर्ष काढले, एकही विसंगती नाही. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून ग्रंथालयातही झालं नव्हतं. संचालकांनी पाठ थोपटली. चष्मेवालीने कॉफी आणली होती, दोन कप. मी घेत नाही म्हणालो. खरं तर घेतो. उगाच कोणाला भुर्दंड नको.

घरी आल्यावर सांगायला कोणी नव्हतं. ही असती तर म्हणाली असती, "झालं ना एकदाचं? आता बूट काढा." बूट काढले.

१८ एप्रिल, गुरुवार

आज अंगणात एका माणसाने मला थांबवलं. साठीचा, बोटं काळी पडलेली, हातात पिशवी. "साहेब, पश्चिमेचा जिना बंद का आहे?"

रंग देत होते. मी त्याला मागच्या दाराने नेलं. वाटेत बोलला. त्याचं कुलपांचं दुकान आहे. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक भूगोलाच्या शिक्षिका राहायच्या. किल्ली हरवायची त्यांना सवय. महिन्यातून दोनदा कुलूप उघडून द्यायला वर जावं लागे. मग पडल्या, पाय मोडला, घर सुटलं, इथे आल्या. तेव्हापासून तो दर गुरुवारी येतो. तीन वर्षं झाली.

"त्या इथे फार बोलत नाहीत कुणाशी," म्हणाला. "माझ्याशी भांडतात. मी नद्यांची नावं चुकवतो म्हणून."

दारातून मी त्यांना पाहिलं. खिडकीशी बसलेल्या, कृश, ताठ. इथे सगळे त्यांना भूगोलबाई म्हणतात. कुलूपवाला आत शिरताच त्या म्हणाल्या, "उशीर. अकरा मिनिटं."

"जिना बंद होता बाई."

"जिने दोन आहेत. नकाशा बघायला शिका."

मी परत आलो. का कोण जाणे, दुपारभर काम सुचलं नाही.

१२ मे, रविवार

मुलीचा फोन. दर रविवारी अकराला येतो, घड्याळ लावून घ्यावं. जेवलात का, औषध घेतलं का, नोकरी कशी आहे. मी उत्तरं दिली. मग ती म्हणाली, "बाबा, अजून काही सांगा ना."

"काय सांगू?"

"काहीही."

सांगण्यासारखं काही नव्हतं. भूगोलबाईंचं सांगावं असं एकदा मनात आलं, पण तिचा त्यांच्याशी काय संबंध? ती कर्तव्य चोख करते, एवढं पुरे. चौदा मिनिटं बोललो. नेहमीपेक्षा दोन जास्त.

६ जून, गुरुवार

भूगोलबाई सकाळी न्हाणीघरात पडल्या. डोक्याला मार. बेशुद्ध आहेत. शेजारच्या रुग्णालयात हलवलं.

हे मला मेट्रनकडून कळलं. त्या व्यवस्थेची स्तुती करत होत्या. "आधी फाइल शोधायला अर्धा तास जायचा. आज पडद्यावर लगेच दिसलं: नातेवाईक, एक. फोन केला, माणूस वीस मिनिटांत हजर."

मला बरं वाटलं. ते इथे लिहायलाच हवं. बरं वाटलं.

११ जून, मंगळवार

भूगोलबाई काल गेल्या. डोक्याची शस्त्रक्रिया करायची होती, पण नातेवाइकाने नको सांगितलं म्हणे. चष्मेवालीने हे वाक्य ऐकलं आणि मान वर केली. "कुठल्या नातेवाइकाने? त्यांना होतं कोणी?"

मेट्रन म्हणाल्या, "तो गुरुवारचा. कोणी चुलत-मावस असेल."

संध्याकाळपर्यंत मी त्यांची नोंद उघडली नाही. उघडायला दोन सेकंद लागतात.

१२ जून, बुधवार

उघडली. कागदी फाइलही काढली. फाइलीत त्यांच्याच अक्षरात: 'संपर्कव्यक्ती: खालचा कुलूपवाला. नातेवाईक: नाहीत.' नोंद उतरवणाऱ्याने पहिली ओळ घेतली. दुसरीसाठी व्यवस्थेत रकानाच नव्हता, कारण नातेवाईक कोण हे माझा नियम ठरवणार होता. पडद्यावर: 'नातेवाईक: १. नातं: नोंद नाही.'

मी समजत होतो, नियम म्हणजे दारावरचा पहारेकरी, चुकीच्या माणसाला अडवेल. सार्वत्रिक नियम अडवत नाही. तो आत येईल त्याच्या छातीवर बिल्ला लावतो. कुलूपवाल्याने कुणाशी खोटं बोललं नाही. त्याला नातेवाईक मी केलं.

आता त्या तर गेल्या. त्यांना तसंही कोणी नव्हतं. कोणाचं नुकसान झालं? कोणाचंच नाही. हे तीनदा लिहून पाहिलं आणि दोनदा खोडलं.

१ जुलै, सोमवार

त्यांना मुलगा होता.

दुपारी आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, पायांत प्रवासातले बूट. कचेरीच्या दारात उभा राहून म्हणाला, "आईला भेटायचं आहे. कितव्या खोलीत आहेत?" मी तिथे फायली परत द्यायला गेलो होतो. कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी फाइलींकडे पाहिलं. शेवटी मेट्रननी त्याला आत नेऊन बसवलं.

भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. अकरा वर्षांपूर्वी मायलेकांत बिनसलं. कशावरून ते तो म्हणाला नाही. दोन वर्षं तो जुन्या पत्त्यावर पत्रं पाठवत होता, ती परत यायची. मार्चमध्ये त्याने तिच्या शाळेला लिहिलं, आपला पत्ता दिला: आईचं काही कळलं तर सांगा.

आणि निवासाचा एक जुना रिवाज. ज्याच्या कागदावर नातेवाईक नाही, त्याच्यासाठी दर एप्रिलला आणि ऑक्टोबरला शोधपत्रं जातात: जुन्या घरी, जुन्या नोकरीच्या ठिकाणी. भूगोलबाईंसाठी शाळेला दर वेळी पत्र जायचं. शाळेकडे तेव्हा सांगण्यासारखं काही नसायचं. या एप्रिलला सांगण्यासारखं होतं. पण या एप्रिलला पत्र गेलंच नाही, कारण यादी आता यंत्र काढतं आणि यंत्राच्या लेखी त्यांना नातेवाईक होता. शाळेच्या कारकुनाला जूनच्या शेवटी जुन्या कागदांत मागच्या ऑक्टोबरचं पत्र सापडलं, तेव्हा त्याने मुलाला कळवलं.

एप्रिलमध्ये पत्र गेलं असतं तर दोन महिने मिळाले असते. मायलेकांना. दोन महिने.

मुलगा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "मग शस्त्रक्रिया नको, हे कोणी ठरवलं?"

३ जुलै, बुधवार

चौकशी लागली. संचालकांनी विचारलं, व्यवस्था कोणी चालू केली? नोंदीत चष्मेवालीचं नाव आहे, बटण तिने दाबलं होतं. तिला बोलावलं. तासाभराने आली, टेबलाशी बसली, चष्मा पुसला, कामाला लागली.

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्यायचाय."

एकोणीस मार्चचा आमचा वाद तिने तेव्हाच तिच्या वहीत टिपला होता. मी पाहिलं होतं. ती वही टेबलावरच होती. तिने ती नेली नव्हती.

का नेली नाही, ते समजत नाही. कदाचित विसरली असेल.

५ जुलै, शुक्रवार

मी मूग गिळून बसलो. तिने दुपारी खुलासा दिला. काय लिहिलं, विचारलं नाही. जाताना ती दारात थांबली, म्हणाली, "येते." रोज नुसती जाते. आज 'येते' म्हणाली आणि थोडी थांबली. मी म्हणालो, "बरं."

७ जुलै, रविवार

मुलीचा फोन घेतला नाही. वाजू दिला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा घेतला आणि बाजारात होतो म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "बाजाराचा आवाज येत नाहीये बाबा." मी म्हणालो, रविवार आहे, गर्दी नाही.

दिवसभर खोली आवरली. आवरण्यासारखं काही नव्हतं. एकट्या माणसाच्या खोलीत वस्तू जागच्या हलत नाहीत.

पंचावन्न वर्षांचा झालो. नोकरी गेली तर तिसरी मिळणार नाही. हे भय खरं आहे. पण त्याच्याखाली दुसरं आहे: सगळे मला शहाणा समजतात, आणि माझ्याकडे तेवढंच उरलं आहे.

८ जुलै, सोमवार

सकाळी नऊला संचालकांकडे गेलो. बसलो नाही. "तो नियम माझा आहे. बाईंनी मला सांगितलं होतं की सगळ्यांवर लावू नका. मी ऐकलं नाही. त्यांच्या वहीत तारखेसकट आहे."

संचालकांनी बराच वेळ पेन फिरवलं. "त्यांनी खुलाशात लिहिलंय की नियम दोघांनी मिळून ठरवला."

मग मात्र मी खुर्ची ओढून बसलो.

"तुम्ही हे मागच्या आठवड्यात का नाही सांगितलंत?"

"घाबरलो."

एवढं सोपं उत्तर बहुतेक त्यांना अपेक्षित नव्हतं. त्यांनी सांगितलं: करार वाढणार नाही. ऑगस्टअखेर संपेल. तोपर्यंत सगळी दुरुस्ती मी करायची, प्रत्येक नोंद माणसाला विचारून. आणि मुलाला काय घडलं ते समोर बसून मी सांगायचं.

धुलाईखोलीत आलो. चष्मेवालीला म्हणालो, "तुम्ही 'दोघांनी ठरवला' असं का लिहिलंत?"

"वाटलं, तुम्ही सांगाल. शुक्रवारपर्यंत वाटत होतं." तिने केसांतला चष्मा काढून घडी घातली. "शनिवार-रविवार मात्र नाही वाटलं. फार राग आला होता मला. अजून आहे."

"असणारच."

"असू दे. दुरुस्तीला बसू या."

नियम मी खोडला. नवीन तिने सांगितला, मी लिहिला. संपर्कव्यक्ती: कोणीही माणूस. त्यावर आणखी काही नाही. पूर्वेच्या निवासींपुरतं बंधन: त्यांची संपर्कव्यक्ती नातेवाईक. आणि उपचाराला संमती देण्याचा गुणधर्म वेगळा, त्याचं बंधन वेगळं: निवासीने स्वतः लिहून दिलेलं माणूस, मग ते नात्याचं असो वा नसो. चार ओळी झाल्या. मार्चमध्येही चारच झाल्या असत्या.

११ जुलै, गुरुवार

पश्चिमेत एकतीस नोंदी अशा आहेत की ज्यांत माझ्या नियमाने परक्याला नातेवाईक केलं. एकतीस फोन करायचे. प्रश्न एकच: तुमचं त्यांच्याशी नातं काय?

एक बाई म्हणाल्या, "नातं असतं तर मी कशाला आले असते?" आणि खळखळून हसल्या.

एक गृहस्थ: "आम्ही सव्वीस वर्षं एकाच बसने कामाला जायचो. एकाच बाकावर. नाव निवृत्तीच्या दिवशी कळलं."

एक: "मी त्यांचा भाडेकरू. ते माझ्याविरुद्ध कोर्टात गेले होते. निकाल लागेपर्यंत मैत्री झाली."

एक अगदी हळू आवाज: "मी त्यांची पहिली बायको. लिहू नका. म्हणजे लिहा, पण त्यांना सांगू नका."

मेट्रन येऊन टेबलाशी उभ्या राहिल्या, दोन-तीन फोन ऐकले आणि माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवून गेल्या.

१५ जुलै, सोमवार

कर्मचाऱ्यांच्या नोंदीही तपासल्या. माझ्या नावापुढे 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे' इथे एक दूरध्वनी क्रमांक आहे. मी तर रिकामा सोडला होता. क्रमांक चष्मेवालीचा. नोंद मार्चमधली. उतरवताना ओळ सरकली असावी. दुरुस्त करायला सांगितलं पाहिजे.

१७ जुलै, बुधवार

मुलाला भेटलो. तो स्टेशनजवळच्या लॉजमध्ये उतरला आहे. खोलीत एकच खुर्ची, ती त्याने मला दिली आणि स्वतः पलंगावर बसला. मी कागदावर आकृती काढून सांगायला लागलो. त्याने कागद बाजूला केला.

"थोडक्यात सांगा."

"मी चाळीस लोकांवरून दोनशे चौदांचं ठरवलं. तुमच्या आई त्या चाळिसांत नव्हत्या."

तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "मीही तेच केलं. ती एकदा बोलली ते कायमचं धरून चाललो."

मी माफी मागितली. त्याने ती घेतली नाही आणि परतही केली नाही. उठताना म्हणाला, "तो माणूस कुठे राहतो? ज्याने नको सांगितलं?"

पत्ता द्यावा की नाही, कळेना. पण मुलाच्या आवाजात जे होतं त्याची मला भीती वाटली. म्हणालो, मी बरोबर येईन.

२० जुलै, शनिवार

दुकान अरुंद आहे. भिंतभर किल्ल्या, खिळ्यांवर ओळीने. कुलूपवाला कानशीने किल्ली घासत होता. मला पाहून हसला. मी म्हणालो, "हे भूगोलबाईंचे चिरंजीव."

कानस थांबली. त्याने हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले.

मुलगा म्हणाला, "शस्त्रक्रिया नको, तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"तुम्ही कोण तिचे?"

"कोणी नाही. खाली दुकान माझं." तो माझ्याकडे वळला. "डॉक्टरांनी मला विचारलं. मला वाटलं, शेवटचा भेटायला येणारा असतो त्याला विचारतात. तसं नसतं का?"

"नसतं," मी म्हणालो. "चूक माझी आहे. त्यांनी तुम्हाला विचारायलाच नको होतं. नातं नसेल तर दोन डॉक्टर मिळून ठरवतात."

त्याचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. "म्हणजे ते दोघं कदाचित करा म्हणाले असते?"

तो स्टुलावर बसला. "बाई मला मागच्या वर्षी म्हणाल्या होत्या. डोकं उघडायचं झालं तर उघडू देऊ नका. आहे ते सगळे नकाशे सांडतील. मी हसलो होतो. त्या हसल्या नव्हत्या. म्हणून मी नको म्हणालो. घरी येऊन तीन दिवस जेवलो नाही, पण नको म्हणालो."

मुलाने विचारलं, "माझ्याबद्दल काय बोलायची?"

कुलूपवाला जरा घुटमळला. खोटं बोलणं किती सोपं होतं! "काही नाही. तुमचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. तुम्ही आहात, हेच माहीत नव्हतं."

मुलाने काउंटरवर दोन्ही हात टेकले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. तो म्हणाला, "मला विचारलं असतं तर मी करा म्हणालो असतो. लगेच."

"म्हणणारच."

"आणि शुद्धीवर आली असती तर तिने पुन्हा अकरा वर्षं माझं तोंड पाहिलं नसतं."

दोघांपैकी आधी कोण हसलं, सांगता येत नाही. हसणं थोडंसंच होतं आणि लगेच मोडलं. कुलूपवाल्याने कड्या लावायला घेतल्या. "चला, कुठेतरी बसू. मी सांगतो तुम्हाला, तीन वर्षं काय काय म्हणाल्या. नद्यांची सगळी नावं पाठ झालीत माझी." मग मला, "तुम्हीही चला साहेब."

मी म्हणालो, मला काम आहे. शनिवारी दुपारी मला काय काम असणार? पण त्यांच्यात मी कशाला? मी थांब्यापर्यंत चालत गेलो. बस आली. दार उघडलं. चालकाने विचारलं, "चढताय ना?" मी नाही म्हणालो, आणि हे का म्हणालो याचं कारण अजून सापडलेलं नाही.

परत आलो तर दुकानाचं शटर खाली. चौकात कॉफीची तीन दुकानं आहेत. पहिल्यात नव्हते. दुसऱ्यात एका टेबलाभोवती पाचजण जोरजोराने पत्ते खेळत होते, तिथेही नव्हते. तिसऱ्याच्या दारात मी उभा राहिलो तेव्हा कुलूपवाला हातवारे करून काही सांगत होता आणि मुलगा पुढे झुकून ऐकत होता. मला पाहून कुलूपवाल्याने बोलणं थांबवलं नाही. फक्त पायाने एक खुर्ची बाहेर ढकलली.

मी बसलो. पोऱ्याने विचारलं, काय आणू. म्हणालो, कॉफी. मोठी.